रीतारामची बायको

सानगडीच्या तलावाखाली बियाण्याच्या एका कंपनीनं ठेक्यानं घेतलेल्या धानाच्या बांध्या होत्या. त्यातली शेवटची बांधी रोवून झाली तेव्हा सुलोचनाबाई बांधाच्या धुऱ्यावर चढली आणि मटकन खालीच बसली. दोन पावलं चालून झाडाखाली जावं असं तिच्या मनात होतं, पण कमरेच्या मनात नव्हतं.

रोवणी तशी तिला नवी नाही. पन्नाशी गाठली, त्यातली चाळीस वर्षं पावसाळा आला की तिचं तोंड चिखलाकडंच असतं. पण कंपनीची रोवणी दोरीची. बियाण्याचं धान, त्याची ओळ वाकडी चालत नाही. दोघी जणी दोन टोकांना दोरी ताणून धरतात, बाकीच्या दोरीवरच्या खुणेखुणेला रोप टोचतात, आणि दोरीवालीनं आवाज दिला की साऱ्या एक पाऊल मागं सरतात. वीस दिवस तो आवाज सुलोचनाबाईनंच दिला. आवाज कसला, नगारा! तलावाच्या पाळीवर चरणारी म्हैसही मान वर करून पाहायची.

तिच्यासकट अकरा बाया होत्या आणि गुत्ता तिच्या नावावर होता. गुत्ता म्हणजे एकराच्या भावानं सगळं काम अंगावर घ्यायचं, मग वरून आभाळ फाटो की खालून पाय सडो. पाय सडलेच होते. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, संध्याकाळी हळद-तेल लावलं की डोळ्यांतून पाणी यायचं. पण एक ओळ वाकडी गेली नव्हती, आणि एक बाई मधून सुटून गेली नव्हती. आजकाल हे काही साधं नाही. बाया जमवणं एक वेळ जमतं, टिकवणं भल्याभल्यांना जमत नाही.

कंपनीचा भुपेंद्र म्हणून सुपरवायझर होता, तो मोटारसायकल पाळीवर लावून खाली आला आणि त्यानं सुलोचनाबाईच्या हातात एक चेक दिला.

"मावशी, कंपनीत रोख चालत नाही. आधारच्या झेरॉक्सवर पाहून नाव टाकलं आहे. खात्यात लावा, चार दिवसांत पैसे जमा."

साऱ्या बाया गोळा झाल्या. चिखलाचे हात पाठीमागं धरून वाकून वाकून पाहायला लागल्या. आनंदाबाई सगळ्यांत वयानं मोठी. नवऱ्याला जाऊन पाच वर्षं झालेली, घरात कमावणारी ती एकटीच. हात साऱ्यांत चपळ आणि जीभ हातापेक्षा चपळ. ती म्हणाली, "एवढ्याशा कागदात अकरा जणीची कंबर मावली का गा?"

भुपेंद्र हसला. "मावली मावशी. काही चिंता नोका करू."

चेक बँकेत लावला. चौथ्या दिवशी तेजरामच्या फोनवर मेसेज आला. तेजराम म्हणजे सुलोचनाबाईचा नवरा, गरीब स्वभावाचा, गेल्या साली दम्यानं भंडाऱ्याच्या दवाखान्यात आठ दिवस पडून आलेला माणूस. मेसेज इंग्रजीत होता. टोळीतली सगळ्यांत लहान खुशबू, दहावी शिकलेली, तिनं तो वाचला आणि उडीच मारली. "मावशी, जमा झाले!"

सुलोचनाबाईनं तिथंच सांगून टाकलं, "बाजाराच्या दिवशी साऱ्या जणी माया अंगणात या. रोख हातात देतो."

बोलून बसली. शब्द आणि रोप, एकदा हातून सुटलं की सुटलं.

बाजाराच्या दिवशी सकाळी ती बँकेत गेली. धुतलेलं लुगडं नेसली होती, पाय विहिरीवर घासून घासून धुतले होते, तरी रस्त्यात चिखल होताच. बँकेच्या पांढऱ्या फरशीवर तिच्या पावलांचे ठसे दारापासून खिडकीपर्यंत उमटले. शिपाई काही बोलला नाही, पण फडकं घेऊन तिच्या मागून पुसत आला. ती थांबली की तोही थांबे. बोलला असता तर परवडलं असतं असं तिला वाटलं.

खिडकीत घनश्यामबाबू होता, साकोलीकडचाच. त्यानं पैसे काढायची चिठ्ठी घेतली, मशीनवर टकटक केलं आणि चिठ्ठी परत सरकवली.

"बाई, होल्ड दाखवते."

"काय दाखवते?"

"होल्ड. म्हणजे पैसे आहेत, पण निघत नाहीत."

"आहेत त निघत काहून नाहीत?"

"नाव जुळून नाही राहिलं. केवायसी करा लागते. आधार आणा, फोटो आणा, पासबुक आणा."

"कोणाचं नाव जुळत नाही? मी त मीच आहो ना!"

मागं रांग लांबली होती. कोणीतरी म्हणालं, "मावशी, सरका ना बाजूले." ती सरकली. सरकता सरकता पुन्हा म्हणाली, "बाबू, आज बाजार आहे. बाया घरी येऊन बसल्या असतीन."

"मी काय करू बाई? कम्प्युटर माया बापाचा आहे का?" तो रागानं नव्हता बोलला. त्याचं तोंडही उतरलंच होतं.

ती घरी आली तेव्हा दहाजणी अंगणात पिशव्या घेऊन बसल्या होत्या. कोणी केसांना तेल लावून आलेली, कोणी लेकराला नवी चप्पल घेऊन देते म्हणून सांगून आलेली. सुलोचनाबाई उभ्या उभ्याच बोलली. "पैसे आहेत, पण निघत नाहीत." बँकेत ऐकलं तसंच्या तसं तिनं सांगितलं, आणि सांगता सांगता तिलाच कळलं की हे चोराच्या तोंडी शोभणारं वाक्य आहे.

मग आनंदाबाई उठली. पिशवीची घडी केली, काखेत मारली.

"कुंपणच शेत खाते म्हणतेत, ते उगाच नाही."

अरे देवा! चुलीतलं लाकूड अंगावर फेकलं असतं तरी एवढं भाजलं नसतं. वीस दिवस जिच्या शेजारी ओणवं राहून काम केलं, जिच्या डब्यातली अंबाडीची भाजी खाल्ली, तिनं असं म्हणावं! खुशबू मधे पडली, "आनंदाबाई, मेसेज मीच वाचला ना, जमा आहेत म्हणून."

"तू वाचला तेच त म्हणतो. जमा झाले. मंग कोठी गेले?"

सुलोचनाबाईनं पदर सावरला. भांडली नाही, रडली नाही, देवाची आणभाक घेतली नाही. दाराकडं वळून म्हणाली, "रीताचे बाबा, तांदळाची कोठी उघडा."

रीता त्यांची लेक, लग्न होऊन तुमसरकडं दिलेली. तेजराम दारातच उभा होता. त्याला काय ते कळलं. दिवाळीपर्यंत पुरावा म्हणून मिलातून काढून आणलेला तांदूळ होता. तो हळूच म्हणाला, "सारा?"

"दोन-दोन पायल्या साऱ्याइले. उरन ते आपलं."

तिनं स्वतः पायली भरून भरून एकेकीच्या पिशवीत ओतली. "हा तांदूळ विकत नाही देत, उधार नाही देत. हा माया जामीन आहे. मजुरी हातात पडली की आणून टाका. नाही पडली त खाऊन घ्या."

नऊजणींनी खाली मान घालून घेतला. घ्यायची लाज वाटत होती, पण घरी रिकाम्या पिशवीनं जाणंही अवघड होतं. आनंदाबाईनं घेतला नाही.

"मले जामीन नोको. मले मजुरी पायजे." आणि ती गेली.

त्या रात्री नवराबायकोनं कण्या शिजवल्या. तेजराम म्हणाला, "तू लोकाइच्या मनाचं एवढं कायले घेतं?" ती म्हणाली, "लोकाइच्या मनाचं नाही. उद्या निंदणाले बाया आल्या नाहीत त मी एकटी बाई आहो. अकरा असलो त टोळी आहो." आणि खरं तेच होतं. पैसा एक दिवस उशिरा का होईना येतो. टोळी एकदा मोडली की पुन्हा कोणी बाई तिच्या आवाजावर पाऊल मागं घेणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी गावातल्या वासुदेवरावांच्या बांधीत निंदणाला बाया आल्या. आनंदाबाईही आली, पोट काही रुसून भरत नाही. पण ती पार दुसऱ्या टोकाला लागली. दुपारी साऱ्या धुऱ्यावर डबे सोडून बसल्या तेव्हा ती पाठ करून एकटी जेवली. सुलोचनाबाई लाखोरीच्या डाळीची वाटी घेऊन तिच्याकडं गेली आणि बाजूला ठेवून आली. वाटी तशीच राहिली, वरून मुंग्या लागल्या. सुलोचनाबाईनं ती उचलली, पाण्यात विसळली आणि कामाला लागली.

तिसऱ्या दिवशी अर्धा दिवस बुडवून ती तेजरामला घेऊन बँकेत गेली. आधार, फोटो, पासबुक, सारं प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळलेलं. घनश्यामनं कागद पाहिले, मशीनवर पाहिलं, पुन्हा कागद पाहिले.

"बाई, तुमच्या नवऱ्याचं नाव रीताराम ना?"

तेजरामनं मान पुढं काढली. "कोण रीताराम?"

"खात्यावर तेच आहे. सुलोचना रीताराम पुस्तोडे. आधारवर तेजराम. चेकवर तेजराम. म्हणून त होल्ड लागला."

"मी जिता असताना हा रीताराम कुठून आला गा?" तेजराम खरंच घाबरला होता.

सुलोचनाबाईनं डोक्यावर हात मारला. तिला सारं आठवलं.

दहाएक वर्षांमागं शाळेच्या व्हरांड्यात खाती उघडायचं शिबिर लागलं होतं. ही गर्दी! भोंग्यावर गाणी चाललेली. टेबलाशी एक घामाघूम पोरगा, पटापट विचारायचा आणि पटापट लिहायचा. नाव? सुलोचना. पतीचं नाव? आता पतीचं नाव कोणती बाई घेते? आपल्या धन्याचं नाव तोंडानं घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, हे तिला मायनं सांगितलेलं, मायला तिच्या मायनं. तिनं जे रोज म्हणते तेच म्हटलं, "रीताचे बाबा." पोरगा ओरडला, "अवो नाव सांगा, नाव!" मागं रांगेत आनंदाबाई होती, ती मदतीला धावली. दुसऱ्याच्या नवऱ्याचं नाव घ्यायला कसली आडकाठी! ती ओरडली, "तेजराम! राम लाव, राम!" पण भोंग्यानं तेज खाल्लं, नुसता राम पोरापर्यंत पोचला. त्यानं रीताला राम लावला आणि म्हणाला, पुढची. पासबुक घरी आलं, ट्रंकेत गेलं. त्यात काय छापलं आहे हे कधी कोण वाचतं! गॅसचे दोनचारशे यायचे, त्यांना नवऱ्याच्या नावाशी घेणंदेणं नव्हतं. आणि आधारचा फॉर्म तेजरामनं स्वतः भरून आणला होता, म्हणून तिथं तो तेजरामच राहिला.

घनश्यामला हसू आवरेना. सुलोचनाबाई मात्र हसली नाही. "मंग आता तेजराम करून द्या ना, झालं," असं तिला म्हणायचं होतं, पण तेही तिला म्हणता येईना. ती म्हणाली, "मंग आता हे नाव करून द्या," आणि आधारवर बोट ठेवलं.

"माया हातात नाही बाई. मॅडम करतीन. मॅडम उद्या येतेत. पण एक सांगतो," त्यानं आवाज खाली आणला, "मॅडम बाईमाणसाचं बयाण तिच्याच तोंडून घेतेत. नवऱ्याले, भावाले कोणालेच बोलू देत नाहीत. तुमाले सांगा लागन."

परत येताना तेजराम सायकल हातात धरून चालत होता. ती चार पावलं मागं. तलावाच्या पाळीवर आल्यावर तो थांबला.

"घेऊन टाकजो ना नाव. मी काही मरत नाही."

"तोंड सांभाळून बोला!"

"अवो, नाव घेतल्यानं माणूस मरत असता त त्या बँकेवाल्यानं साऱ्या सानगडीले मारून टाकलं असतं. रोज खिडकीतून नावानं बोलावतेत."

"ते बँकेवाले आहेत. मी तुमची बायको आहो." तिनं सायकलीचं कॅरिअर धरलं. "गेल्या साली तुमच्या नाकाले नळी लावली होती. मी आठ दिवस त्या बाकड्यावर बसून होती. तुमी पाहिलं नाही, मी पाहिलं."

तेजरामनं सायकल तिच्या बाजूनं घेतली आणि दोघं बरोबरीनं चालत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा अर्धा दिवस बुडवून गेली. मॅनेजर म्हणजे रुचिका मॅडम, पुण्याकडची, तिशीच्या आतली, बदली होऊन दोन महिने झालेली. काचेच्या खोलीत बसायची. तिनं तेजरामला पाहून म्हटलं, "काका, तुम्ही जरा बाहेर बसा हं." तेजराम बाहेर बाकड्यावर बसला.

मॅडमनं कागद चाळले. "सुलोचनाबाई, रीताराम पुस्तोडे कोण?"

"कोणीच नाही."

"कोणीच नाही म्हणजे? तुमच्या खात्यावर पतीचं नाव आहे ते."

"असा माणूसच नाही, बाई. लिवणाऱ्याची चूक आहे."

"बरं. मग पतीचं खरं नाव सांगा."

सुलोचनाबाईनं आधारकडं बोट केलं.

"आधार मी पाहिलंय. तुम्ही सांगा."

तिनं बोट तिथंच ठेवलं. मग मॅडमचा चेहरा बदलला. "हे बघा, मागच्या महिन्यात एका बाईच्या खात्यातून तिचा दीर पैसे काढून घेऊन गेला. दुसरीलाच उभं केलं होतं त्यानं. तुमच्या खात्यात कधी नव्हे एवढे पैसे आलेत, नाव जुळत नाही, आणि तुम्हाला स्वतःच्या नवऱ्याचं नाव सांगता येत नाही. मी काय समजू?"

आता घ्या! इकडं अकरा बायांत चोर, तिकडं बँकेत चोर. सुलोचनाबाईच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. घनश्याम काही कागद द्यायला आत आला होता, तो दारातूनच म्हणाला, "मॅडम, आमच्याकडल्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. रीत आहे. नाव घेतलं त त्याचं आयुष्य कमी होते म्हणतेत."

मॅडमनं हातातलं पेन खाली ठेवलं. तिला वाईट वाटलेलं दिसलं. "अगंबाई, मला खरंच माहीत नव्हतं. मग उखाण्यात घ्या ना. उखाण्यात चालतं ना?"

आणि इथं सुलोचनाबाईचं खरं पाणी दिसलं. तिच्या जिभेवर उखाणा नव्हता असं नाही. लग्नात दोघीतिघींना शिकवून पाठवलं होतं तिनं. तेवढ्यानं भागलंही असतं. पण ती म्हणाली, "नाही बाई. उखाणा लग्नात असते, हसण्याखेळण्याचा. हे अकरा जणीच्या मेहनतीचं काम आहे. याच्यात गंमत नोको."

तिनं काचेतून बाहेर पाहिलं. तेजराम बाकड्यावर बसून आपल्या चपलेचा अंगठा दाबून पाहत होता. छाती वरखाली होत होती. तिला ती नळी आठवली. मनातल्या मनात ती म्हणाली, देवा, कमी करायचं असन त माया खात्यातून कर, यांच्या नोको. मग तिनं पदर खांद्यावर घट्ट केला. कामाचा म्हणून तिच्याजवळ एकच आवाज होता, तोच तिनं लावला.

"तेजराम! तेजराम देवाजी पुस्तोडे!"

एका दमात नवराही घेतला आणि सासराही. काच थरथरली म्हणतात. बाहेर तेजराम ताडकन उभा राहिला आणि म्हणाला, "ओ!"

सारी बँक हसली. रांगेतले हसले, शिपाई फडकं तोंडाला लावून हसला. तेजराम तसाच उभा. तीस वर्षांत पहिल्यांदा बायकोनं नावानं हाक मारली होती, ती भर बँकेत. बसावं की आत यावं हे त्याला कळेना.

मॅडम हसत होती, पण तिचे डोळे ओले झाले होते. तिनं बयाण लिहून घेतलं, सुलोचनाबाईनं एकेक अक्षर दाबून सही केली. मॅडमनं तेव्हाच मशीनवर काय करायचं ते केलं. दुपारपर्यंत होल्ड उठला. घनश्यामनं नोटा मोजून दिल्या आणि म्हणाला, "बाई, त्या शिबिरातली तुमच्या गावची सारी खाती मॅडमनं तपासाले काढली आहेत. अशीच निघून राहिली एकेक. टोळीतल्या बायाइले सांगजा, सोमवारी या म्हणा. ज्या त्या बाईनं आपल्या तोंडानं नाव सांगा लागन."

वाटेत तेजराम सायकल चालवत होता, ती मागं कॅरिअरवर, पोटाशी पैशांची पिशवी. पाळीवर चढ लागला तसा तो उतरला. धाप लागली होती, तरी गालातल्या गालात हसत होता.

"अजून एकदा म्हण ना."

"काहून? तुमच्यावर बी होल्ड लागला का?"

ते घरी गेलेच नाहीत. थेट वासुदेवरावांच्या बांधीवर गेले. बाया निंदणात होत्या. सुलोचनाबाईनं धुऱ्यावरून आवाज दिला आणि साऱ्या जणी ओल्या हातांनी वर आल्या. आनंदाबाई सगळ्यांच्या मागं, सावकाश. सुलोचनाबाईनं पहिलं तिलाच पुढं बोलावलं.

"घे. मोजून घे."

आनंदाबाईनं नोटा घेतल्या, मोजल्या नाहीत. नुसत्याच हातात धरून राहिली.

"मोज ना वो."

"दोरी सरळ धरते तिचे पैसे कायले मोजू?" आनंदाबाई म्हणाली, आणि तिनं नोटा कनवटीला खोवल्या. "माया तोंडाले आग लागो, सुलोचना. मी काय बोलून बसली तुले!"

"पोटात आग असली की तोंडातून धूर निघतेच. जाऊ दे."

साऱ्यांना मजुरी पोचली. मग सुलोचनाबाईनं सोमवारचा निरोप सांगितला, आणि बँकेत काय झालं तेही सांगितलं. मायबाई! जी गडबड उडाली! कोणी तोंडावर पदर घेतला, कोणी कानाला हात लावला. एकीचा नवरा पासबुकात पोराच्या नावानं निघणार हे तिला तिथंच कळलं, कारण तिनंही तेव्हा तेच सांगितलं होतं. खुशबू हसून लोळली. "मी त माया नवऱ्याले रोजच म्हणतो. कैलाश, पाणी आण. कैलाश, गाडी पूस. तो त अजून जिता आहे!"

"तुमचा जमाना येगळा आहे वो बाई," एकजण खुशबूला म्हणाली.

"मंग आताच सवय करा ना. सोमवारी मॅडमसमोर जीभ अडकली त पुन्हा होल्ड!"

तेजराम समजून उमजून सायकल घेऊन निघून गेला. बाया पुन्हा बांधीत उतरल्या, ओणव्या झाल्या, आणि गवत उपटता उपटता एकेकीनं सुरू केलं. आधी चिखलाला सांगितल्यासारखं, पुटपुटत. मग शेजारणीला ऐकू जाईल इतकं. मग मोठ्यानं. धर्मेंद्र! देवराव! एकेक नाव निघालं की खिदळणं. एकीनं तर नाव घेतलं आणि मागोमाग शिवीही घातली, इतक्या वर्षांची बाकी होती म्हणाली. शेजारच्या बांधीतले गडी कुदळी टेकवून पाहायला लागले, या बायांना झालं तरी काय म्हणून.

फिरत फिरत पाळी आनंदाबाईची आली आणि साऱ्यांचं खिदळणं थांबलं. तिचा माणूस इश्वर. पाच वर्षांमागं गेलेला. आनंदाबाईनं तो शब्द कधीच तोंडातून काढला नव्हता. देवळात भजनाला बसायची, देवाला ईश्वर म्हणायची जागा आली की तिथं तोंड मिटायची, आणि पुढच्या शब्दावर पुन्हा धरायची. तो गेल्यावरही ती जागा तिनं कोरीच सोडली होती.

"राहू दे आनंदाबाई," खुशबू म्हणाली. "सोमवारी आमी सांगून देऊ."

आनंदाबाई वाकलेलीच होती. हातात गवताची मूठ तशीच.

"इश्वर," ती म्हणाली. अगदी हळू. मग तिनं मान वर केली, आणि बोलली ती सुलोचनाबाईशी. "मी त कधीच घेतलं नाही वो त्याचं नाव. एकदाबी नाही. दवाखान्यात तो डोळे मिटून पडला होता, डॉक्टर म्हणे, नावानं हाक मारा, ऐकते का पाहू. मी गोलूचे बाबा, गोलूचे बाबा म्हणत राहिली. तरी गेलाच ना तो."

सुलोचनाबाई चिखलातून पाय ओढत तिच्याजवळ गेली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आता म्हण. जोरानं म्हण."

आनंदाबाई कमरेवर हात देऊन सरळ उभी राहिली. तलावाकडं तोंड केलं. "इश्वर!" तिनं हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा आवाज फाटला, पण तिनं ती पुरी मारली. साऱ्या बाया आपापल्या जागी उभ्या होत्या, कोणी डोळे पुसत होत्या, कोणी पुसतही नव्हत्या.

मग आनंदाबाईनं मनगटानं नाक पुसलं, कनवटीच्या नोटा चाचपल्या आणि पुन्हा ओणवी झाली.

"सोमवारी बँकेत," ती म्हणाली, "पयला नंबर माया."